टर्बोचा मारेकरी आपलं ऊन नव्हे

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'टर्बोचार्जरच्या बेअरिंगमधील उष्णता आणि वंगण'. हे वाचून कोणी फिरकणार नाही असं वाटलं होतं. पण गाडीवाले बरेच दिसताहेत, म्हणजे टर्बोनं पुष्कळांचा खिसा कापलाय. नवख्यांसाठी सांगतो, टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरानं फिरणारं आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र.

माझं भांडण एकच आहे. आपल्याकडे काहीही बिघडलं की उन्हाच्या माथी मारतात. टायर फुटला, ऊन. बॅटरी बसली, ऊन. जावई रुसला तरी ऊन. बॅटरीचं खरं आहे, उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं. टर्बोचं मात्र पटत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, कबूल. पण लोड घेऊन चढणाऱ्या डिझेल गाडीत टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या धुरानं फिरणाऱ्या, चाकावर आदळणारा धूर ७०० अंशांच्या घरात असतो. पेट्रोल गाडीत तर हजाराच्या आसपास. त्याच्यापुढे बाहेर ३० आहे की ४६, काय मोठं? गरम हवा विरळ असते, म्हणून भर दुपारी गाडी थोडी कमी ओढते, तेवढं उन्हाच्या खात्यावर टाका.

आता वरुडकडची गोष्ट सांगतो. माझा आयटीआयचा जुना विद्यार्थी, घरची संत्र्याची बाग, भाड्याला एक पिकअप. एका हंगामात दोनदा टर्बो गेला. आला तो रडकुंडीला. म्हणे, "सर, मेकॅनिक म्हनते उनानं गेला."

"कधी गेला?"

"अंबिया बहार चालू होता."

अंबिया बहार! म्हणजे त्या संत्र्याची तोडणी, म्हणजे डिसेंबर, राजेहो. माणसं सकाळी शेकोटी सोडत नाहीत आणि टर्बो उन्हानं गेला! (हशा) हसू नका, त्या उन्हाचं बिल त्यानं भरलंय.

मी त्याला गाडीचा दिवस सांगायला लावला. वरुडहून क्रेट भरायचे, सातपुड्याचा घाट चढून मुलताईकडे निघायचं, वर पोचलं की टपरीपाशी गाडी लावायची आणि लगेच चावी बंद. "डिझेल वाचते ना सर." पहिला टर्बो तिथंच गेला, का ते पुढे सांगतो. दुसऱ्याची कथा और आहे. नवा टर्बो बसवला आणि आठवड्याच्या आत सायलेन्सरमधून निळा धूर. वर्कशॉपवाल्यानं (नाव घेत नाही, या सभागृहात त्यांचे पाहुणे असतील) आधी नवा पीसच खराब सांगितला, मग पुन्हा ऊन काढलं. मी म्हटलं, गाडी घेऊन ये. खाली शिरून टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप, म्हणजे तेल परत नेणारा पाइप, सोडवला. दोन बोल्ट! फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या जोडाला, गॅस्केटच्या पातळ चकतीऐवजी सिलिकॉन थापलेलं. बोल्ट कसताना ते आत दबलं आणि भोकात लाल रबरी अळीसारखं सुकून बसलं. भोक निम्मंही उरलं नव्हतं.

याचं महत्त्व असं की टर्बोत तेल पंपाच्या दाबानं शिरतं, पण परत फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं, तेही फेसाळलेलं. म्हणून टर्बोत तेल नेणारा पाइप बारीक आणि परत आणणारा जाड, उताराचा. शाफ्टच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, टोकांना सील म्हणून पिस्टन रिंगसारखी लोखंडी रिंग असते, रबरी ऑइल सील नव्हे. तेल खाली उतरत राहिलं तरच ती भागवते. तेल तुंबलं की रिंगमधून धुरात, म्हणून निळा धूर. टर्बो ठणठणीत होता! पाइप साफ केला, कागदी गॅस्केट टाकलं, धूर थांबला. आणि दोन बोल्ट न उघडता त्या मंडळींनी पोराकडून…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूळ विषय तर राहिलाच की! बरं, भरभर सांगतो. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तो इतिहास सोडून देऊ.

छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, काही दोन लाखांपर्यंत. बहुतेकांत साधा बॉल बेअरिंग नसतो, पितळी-कांस्याचा सुटा बुश, म्हणजे शाफ्टवरचं नळीसारखं कडं, असतो. त्याच्या आत शाफ्टभोवती तेलाचा थर, बाहेर हाउसिंगलगत, म्हणजे बेअरिंगच्या घरालगत, दुसरा, दोन्ही केसाहून पातळ. शाफ्टच्या ओढीनं बुशही फिरतो, पण बराच हळू. धातूला धातू लागतच नाही, सगळा भार तेलावर. या घुसळणीनं तेल तापतं, शिवाय टर्बाइनकडून शाफ्टमधून उष्णता येते. ती अडवायला पत्र्याची ढाल असते, चाकाजवळ शाफ्ट आतून पोकळ ठेवतात. तरी उरलेली उष्णता वाहून न्यायची ती तेलानंच. तेलाचा ग्रेड १५डब्ल्यू-४० म्हणा नाहीतर काही, ते वाहतं आहे तोवर ठीक.

चावी बंद केली की तेल जागच्या जागी थांबतं, टर्बाइनचं ओतीव लोखंडी घर मात्र तापलेलंच. त्याची उष्णता आता बेअरिंगकडे सरकते, म्हणून बंद केल्यानंतर काही मिनिटं बेअरिंग आणखी तापत जातं. तव्यावर राहिलेल्या तेलाची काळी चिकट पुटं धरतात, तसा आत काजळीचा थर बसतो. तेलाच्या वाटा बुजतात, बुश अडकतो, पुढच्या चढाला शाफ्ट घासतो. पोराचा पहिला टर्बो असाच गेला. काही टर्बोंना पाण्याचं जॅकेट, म्हणजे भोवती पाणी खेळवणारं वेष्टण, असतं. तिथं पंप थांबला तरी गरम पाणी आपसूक वर चढतं आणि थंड पाणी जागा घेतं. आपल्या पुष्कळ पिकअपना ते नाही.

मागचे काका विचारताहेत, "किती वेळ चालू ठेवू?" चढ संपला की मिनिटभर, फार तर दोन, रेस न देता. धूर थंडावतो, चाक मंदावतं, तेल फिरत राहतं. शेवटचे दोन किलोमीटर सपाटीवर हळू आला असाल तर तेवढ्याचीही गरज नाही. मिनिटभराला डिझेल जातं चहाचे दोन-तीन चमचे. सकाळी गाडी चालू केल्या केल्या मात्र रेस मारू नका, तेल वर पोचायला काही क्षण लागतात. आणि टर्बो बदलायची वेळ आलीच तर ऑइल, फिल्टर आणि टर्बोत तेल नेणारा पाइप त्याच दिवशी नवा टाका, रिटर्न पाइप समोर उभं राहून उघडायला लावा. सिलिकॉनची ट्यूब दिसली तर मेकॅनिकच्या हातातून काढून घ्या.