शुक्रावरची खरखर

नमस्कार. जूनमधली संध्याकाळ. येऊरच्या डोंगरामागे वीज चमकते आणि मीडियम वेव्हवर लावलेला ट्रान्झिस्टर त्याच क्षणी ‘खर्र’ करतो. गडगडाट मागाहून येतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या चाळीत आजी त्या खरखरीवरूनच सांगायची, “कपडे काढा रे, पाऊस येतोय.” वीज दिसलेलीही नसायची. विजेतून निघालेली रेडिओलहर तिच्या कानापर्यंत आधी पोचलेली असायची, इतकंच. आज मला हीच खरखर शुक्रावर न्यायची आहे.

शुक्राच्या वातावरणाच्या वरच्या थरात सूर्याचे अतिनील किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे शुक्राचं आयनांबर. असं आयनांबर आपल्याही डोक्यावर आहे. तिथले इलेक्ट्रॉन जरा बाजूला सरकले, की मागे राहिलेले जड आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, त्यांना ओढून घेतात. ते वेगाने परततात, मूळ जागा ओलांडून पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. झोपाळाच म्हणा. पण झोपाळ्याची लय दोरीच्या लांबीवर ठरते, इथे ती गर्दीवर ठरते. एका घन सेंटीमीटरमध्ये १०० इलेक्ट्रॉन असतील तर सेकंदाला साधारण ९० हजार झोके. १० हजार असतील तर ९ लाख. गर्दी शंभरपट, झोके दहापट.

नळाखाली कळशी लावली की आवाज चढत जातो आणि आत न डोकावता आपल्याला कळतं, भरत आली. अगदी तसंच. ११ जुलै २०२० रोजी सूर्याकडे निघालेलं पार्कर यान शुक्रापासून ८३३ किलोमीटरवरून गेलं. जेमतेम सात मिनिटं त्याच्या अँटेनांना आयनांबरातल्या या झोक्यांचा नैसर्गिक रेडिओस्वर ऐकू आला. तो स्वर किती उंच, यावरून शास्त्रज्ञांनी तिथली इलेक्ट्रॉनांची दाटी काढली. सूर्य तेव्हा शांत होता. १९९२ मध्ये, सूर्य बराच सक्रिय असताना, पायोनियर व्हीनस यानाने मोजलेल्या आयनांबरापेक्षा हे कितीतरी विरळ निघालं. सात मिनिटांत एवढं हाती लागावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता विजेकडे येऊ. पायोनियर १९७८ च्या डिसेंबरात शुक्राभोवती फिरू लागलं आणि रात्रीच्या बाजूला त्याला १०० हर्ट्झच्या आसपास लहरींचे झटके सापडू लागले. एवढ्या कमी वारंवारितेची लहर आयनांबरातून सहसा पार होत नाही. तिला चुंबकीय रेषांची वाट धरावी लागते. अशा लहरींना व्हिसलर म्हणतात, कारण पृथ्वीवर त्या वरच्या सुरातून खाली घसरणाऱ्या शिट्टीसारख्या ऐकू येतात, आणि इथे त्यांचा उगम बहुधा विजेत असतो. मग शुक्रावरही वीजच, असं अनेकांनी मानलं. मीही बरीच वर्षं मानत होतो.

पण १९९८ आणि १९९९ मध्ये कॅसिनी यान शुक्राजवळून गेलं, तेव्हा त्याच्या रेडिओ उपकरणाला विजेची खूण मिळाली नाही. तेच उपकरण ऑगस्ट १९९९ मध्ये पृथ्वीजवळ आलं आणि त्याला विजांची खरखर भरपूर ऐकू आली. म्हणजे कान शाबूत होते.

पार्करने फेब्रुवारी २०२१ च्या फेरीत पुन्हा व्हिसलर पकडल्या, आणि या वेळी त्यांची दिशाही काढता आली. वीज ढगांत होते, म्हणून तिची लहर खालून वर, अवकाशाकडे जायला हवी. या लहरी उलट ग्रहाकडे येत होत्या! त्या फेरीतल्या शिट्ट्या तरी विजेच्या नव्हेत, असं मी म्हणेन. पायोनियरच्या सगळ्याच झटक्यांना हा निकाल लावणं मात्र घाईचं होईल.

आपल्या शेजारी, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्थेत प्लाझ्मा लहरी, म्हणजे अशा सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूतल्या लहरी, संगणकावर उभ्या करून अभ्यासतात. इथल्या विद्यार्थ्यांनी ते काम जरूर पाहावं. भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, उड्डाण मार्च २०२८ मध्ये योजलं आहे. तिच्या उपकरणांच्या यादीत शुक्रावरच्या विजा शोधणारं एक उपकरण आहे. त्याने पहिली खरखर पाठवली, की मी आधी विचारणार आहे: वर चालली होती, की खाली?