वाळूच्या दांड्यावरचं गाव : ग्रेट यारमथ

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक परगण्यात ग्रेट यारमथ नावाचं बंदर आहे. नावाचा अर्थ साधा आहे, यार नदीचं मुख. पण हे गाव ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन रोमन काळात नव्हतीच. तिथे रुंद खाडी होती. यार, ब्यूर आणि वेव्हनी या तीन नद्या तिला मिळायच्या. खाडीच्या उत्तरेला केस्टर इथे आणि आतल्या बाजूला बर्ग कॅसल इथे रोमनांनी किल्ले बांधले होते. बर्ग कॅसलच्या तटाच्या भिंती आजही उभ्या आहेत. वर चढून पाहिलं तर खाली बोरूचं रान आणि कुरणं दिसतात. जिथे गलबतं नांगर टाकायची तिथे आता गुरं चरतात.

मग गावाखालची जमीन आली कुठून? ती आली उत्तरेकडून. नॉरफोकचे कडे मऊ मातीचे आहेत, समुद्र ते सतत खातो. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि ती वाळू हळूहळू दक्षिणेकडे सरकवतात. खाडीच्या तोंडाशी ही वाळू साचत गेली आणि तिचा लांबट दांडा तयार झाला. आधी तो फक्त ओहोटीला उघडा पडायचा, नंतर कायमचा कोरडा राहू लागला. दरवर्षी शरद ऋतूत कोळी तिथे उतरायचे, जाळी वाळवायचे, मासळी खारवायचे आणि परत जायचे. या हंगामी तळातूनच पुढे वस्ती झाली. 1086 साली राजाने केलेल्या देशभरच्या जमीन-पाहणीत, म्हणजे डूम्सडे पाहणीत, यारमथच्या नावावर 70 नागरिक-कुटुंबप्रमुख नोंदलेले आहेत. 1101 मध्ये नॉरिचचा बिशप हर्बर्ट द लोसिंगा याने इथे संत निकोलसचं चर्च उभारायला घेतलं. संत निकोलस हा खलाशांचा रक्षणकर्ता, त्यामुळे ही निवड अगदी गावाला साजेशी. 1208 मध्ये राजा जॉनने सनद दिली आणि वाळूवरचा हा तळ स्वतःचा कारभार पाहणारं शहर झाला.

हे सगळं घडलं एका माशामुळे. हेरिंग हा आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. त्याचे थवे उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या बाजूला असतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात यारमथसमोर येतात तेव्हा मासा अंड्यांनी भरलेला असतो. तो रात्री पाण्याच्या वरच्या थरात येतो, म्हणून संध्याकाळी पडद्यासारखी तरती जाळी सोडायची आणि पहाटे ओढायची. मासा कल्ल्यांनी जाळ्यात अडकतो. अडचण पुढे सुरू होते. हेरिंग तेलकट मासा, एका दिवसात खराब व्हायला लागतो. म्हणून किनाऱ्यावर पोहोचताच खारवणं भागच होतं. एक पद्धत अशी, की आतडी काढून मासा मिठाच्या थरांत पिंपात भरायचा. दुसरी खास यारमथची, तांबड्या हेरिंगची. मासा न कापता अख्खाच मिठात मुरवायचा, मग कल्ल्यांतून काठी ओवून धुराच्या उंच कोठीत टांगायचा. खाली ओकसारख्या कठीण लाकडाची आग मंद ठेवायची. मधूनमधून ती विझू द्यायची, म्हणजे तेवढ्या वेळात तेल गळून जातं. हे कित्येक दिवस चालायचं. आग जास्त झाली तर मांस शिजून मऊ पडतं आणि मासा काठीवरून गळून पडतो. मीठ कमी पडलं तर पोटापासून सडतो. नीट जमलेली तांबडी हेरिंग मात्र महिनोन्‌महिने टिकायची. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या त्या काळच्या युरोपात तिला गिऱ्हाईक सगळीकडे होतं.

मोजणीचीही गंमत सांगतो. आपल्याकडे बाजारात मासळीचा वाटा लावतात, तशी तिथे चार माशांची 'वॉर्प' असायची. दोन्ही हातांत दोन-दोन मासे धरून टोपलीत टाकायचे, ही एक वॉर्प. अशा 33 वॉर्प म्हणजे हेरिंगचा एक 'शेकडा', म्हणजे प्रत्यक्षात 132 मासे. असे शंभर शेकडे झाले की एक 'लास्ट', 13,200 मासे. सांगायला दहा हजार आणि हातात तेरा हजारांवर!

29 सप्टेंबरच्या मायकेलमस या सणापासून पुढे सुमारे 40 दिवस इथे हेरिंगची मोठी जत्रा भरायची. पण तिच्यावर ताबा कुणाचा? दक्षिणेकडच्या सिंक पोर्ट्स या बंदरांच्या संघाचं म्हणणं असं, की गाव वसण्याआधीपासून आमचे लोक या वाळूवर जाळी वाळवत आले, तेव्हा जत्रेचा कारभार आमचे अधिकारी पाहणार. यारमथकरांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. 1297 मध्ये राजा पहिला एडवर्ड फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या भागाच्या, मोहिमेवर निघाला तेव्हा दोन्हीकडची जहाजं त्याच्याच ताफ्यात होती. तिथल्या स्लॉइस बंदरात ती एकमेकांवर तुटून पडली आणि यारमथची कितीतरी जहाजं जळाली. 1357 मध्ये संसदेने हेरिंगसाठी खास कायदा केला आणि मासळी बंदरात येण्याआधी समुद्रातच विकायला मनाई केली.

आता गावाच्या आत शिरू. गावाला तट बांधायची परवानगी 1261 मध्ये मिळाली आणि काम शंभर वर्षांहून जास्त चाललं. तट दोन किलोमीटरवर लांब होता, नदीची बाजू मात्र मोकळी ठेवली होती. सगळा व्यवहार नदीच्या धक्क्यावर, समुद्राकडे नुसती वाळू आणि जाळी. दांडा अरुंद, त्यात तटाचं कुंपण, मग माणसं वाढली तशी घरं एकमेकांना चिकटत गेली. त्यातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या 145 बोळांचं जाळं तयार झालं. त्यांना 'रो' म्हणतात. सर्वांत अरुंद बोळ एका टोकाला जेमतेम 27 इंच. त्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावंच लागणार. मालवाहतुकीसाठी तिथे खास गाड्या होत्या, सुमारे 12 फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. चाकं बाजूला न लावता गाडीच्या पोटाखाली लावलेली, म्हणजे कणा बाहेर येऊन भिंतीला घासणार नाही. मला हा अख्ख्या गावातला सर्वांत हुशार तोडगा वाटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत यातले कितीतरी बोळ गेले, जुनं चर्चही जळालं, ते पुढे पुन्हा उभारलं.

ज्या वाळूने जमीन दिली ती थांबली नव्हती. उत्तरेकडचं जुनं मुख, ग्रब्ज हेवन, भरून बुजलं. दक्षिणेकडे दांडा वाढतच गेला आणि नदीचं तोंड आपल्याबरोबर काही मैल दक्षिणेच्या कॉर्टन गावाच्या दिशेने ढकलत गेला. वाट लांबली की उतार कमी होतो, उतार कमी झाला की प्रवाह मंदावतो, आणि मंद प्रवाह गाळ तिथेच टाकतो. मोठी जहाजं आत येईनात. मग यारमथकरांनी दांडा मधूनच कापून नदीला समुद्राची जवळची वाट द्यायचं ठरवलं. पहिला काप 1347 च्या सुमाराचा. तो बुजला, पुन्हा खणला, तोही बुजला. असे सहा काप वाया गेले. कारण एकच. नुसत्या वाळूत चर खणला तर त्याच्या कडा ढासळतात, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या वादळात लाटा तो भरून टाकतात.

सातवा काप 1560 च्या दशकातला. त्यासाठी नेदरलँड्समधून योआस जॉन्सन या माणसाला आणलं. त्याने मुखाशी लाकडी खांब ठोकून बांध घातले. त्यांनी बाजूने सरकत येणारी वाळू अडवली आणि पाण्याला एकाच अरुंद वाटेत कोंडलं. गावामागे जुन्या खाडीचा उरलेला तुकडा आहे, ब्रेडन वॉटर. सुमारे पाच किलोमीटर लांबीचं हे उथळ पाणी भरतीला भरतं आणि ओहोटीला सगळं त्याच वाटेने जोरात बाहेर पडतं. दिवसातून दोनदा ते मुखातला गाळ धुऊन नेतं.

यारमथच्या दक्षिणेला गॉर्लस्टन गावापाशी तेच मुख आजही वापरात आहे. आत शिरलेल्या जहाजाला लगेच जवळजवळ काटकोनात उत्तरेकडे वळावं लागतं, आणि ते वळत असताना ब्रेडनचं ओहोटीचं पाणी समोरून येत असतं.