चिनी रणपत्रक कोणासाठी लिहीत?

प्राचीन चीनमध्ये स्वारीआधी शत्रूचे अपराध जाहीर करणारं पत्रक निघे. त्याला ‘शी’ म्हणत. आपण रणपत्रक म्हणू. त्यात शिव्याशाप शत्रूला असले तरी वाचक धरलेला असे तो त्याचे सरदार, शिपाई आणि कुंपणावर बसलेले सुभेदार. हे ध्यानात घेतलं की त्याची घडण उलगडते.

हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) ते लाकडी पट्टीवर लिहीत. भाष्यकार यान शिगू तिची लांबी एक छी दोन त्सुन (लांबीची चिनी मापं, दहा त्सुनचा एक छी) सांगतो, म्हणजे हान मापाने सुमारे 28 सेंटिमीटर. काम तातडीचं असलं की पट्टीला पक्ष्याचं पीस खोवत. इ.स. 500 च्या सुमारास समीक्षक ल्यू श्ये याने यातूनच शैलीचे नियम काढले: पीस खोवलंय, तेव्हा भाषा रेंगाळता कामा नये, फळी उघडी आहे, तेव्हा अर्थ झाकलेला चालणार नाही.

नमुना म्हणून छन लिनचं इ.स. 200 मधलं पत्रक घ्या. युआन शाओ या सेनापतीच्या वतीने त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती त्साओ त्साओ याच्याविरुद्ध लिहिलेलं. आधी जुन्या सत्तालोभी मंत्र्यांचे दाखले येतात. मग कुळाची निंदा: आजोबा खोजा, बाप दत्तक आणि पैसे चारून पद मिळवलेला. मग कृत्यं: राजघराण्यातली कबर फोडली, कबरी उकरायला खास अधिकारी नेमले. पुढे दोन्ही सैन्यांच्या बळाची तुलना आणि शेवटी व्यवहार. त्साओ त्साओचं शिर आणणाऱ्याला पाच हजार घरांची जहागीर आणि पाच कोटी नाणी. त्याचे सरदार-शिपाई शरण आले तर मागचं काही विचारणार नाही. माझ्या मते पत्रकाचा खरा जीव या शेवटच्या ओळींत आहे. वरची सगळी निंदा या ओळींसाठी वाट मोकळी करते. ल्यू श्येला मात्र कबरींचा आरोप अतिरंजित वाटला, आणि धोका तिथेच असतो: वाचकाला एक आरोप खोटा वाटला की बाकीचेही डळमळतात. युआन शाओ हरला. पुढे छन लिन हाती लागला तेव्हा त्साओ त्साओने विचारलं, मला बोलायचं ते बोलायचंस, बापआजाला कशाला ओढलंस? आणि त्याला लेखनाच्याच कामावर ठेवलं.

684 मध्ये थांग राजवटीची सत्ता हाती घेतलेल्या सम्राज्ञी वू झत्यानविरुद्ध ल्वो बिनवांगने लिहिलेलं पत्रक चार-सहा अक्षरांच्या जोडवाक्यांचं, कमालीचं देखणं. सम्राटाच्या कबरीवरची माती अजून ओली आहे आणि पोरक्या वारसाला वाली कोण, असा त्यातला सवाल. असा लेखक हातचा गेला हा मंत्र्यांचा दोष, असं खुद्द सम्राज्ञी म्हणाल्याचं ‘नवा थांग इतिहास’ सांगतो. पण बंडाचा पुढारी ली जिंगये याने पत्रकात राजवंश सावरायची भाषा केली आणि थेट सम्राज्ञीच्या राजधानीवर, ल्वोयांगवर, चालून जाण्याचा सल्ला डावलून फौज दक्षिणेला नेली, स्वतःसाठी मुलूख धरायला. शब्द आणि फौज अशा दोन दिशांना गेल्यावर बंड तीन महिनेही टिकलं नाही.

1854 मध्ये छिंग राजवटीचा अधिकारी झंग ग्वोफान याने त्या राजवटीविरुद्ध उठलेल्या थायफिंग बंडाविरुद्ध पत्रक काढलं. त्यात छिंग दरबारापेक्षा कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीच्या अपमानावर भर आहे, कारण त्याला हुनान प्रांतातले सुशिक्षित आपल्या बाजूला हवे होते. केस वाढवणं ही बंडखोरांची खूण. म्हणून त्यात सक्तीने ओढल्या गेलेल्यांसाठी खास कलम आहे: केस कित्येक बोटं वाढलेले असले तरी लढाईत हत्यार टाकून रिकाम्या हाताने येईल त्याला जीवदान, आणि गावी परतायला वाटखर्च.