नोट, वीट आणि प्लास्टिकची पिशवी

(उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जाहिरातीच्या वर्गात आपण मथळा, चित्र, रंग, अक्षरांचं वळण यांवर तासन्‌तास बोलतो. ते छापायचं कशावर, हा प्रश्न शेवटी येतो आणि तोही बहुधा छापखान्याच्या कोटेशनसोबत. किती जीएसएम, म्हणजे कागद किती वजनाचा, मॅट की ग्लॉस, संपलं. आज मी दक्षिण आफ्रिकेतली अशी कामं घेऊन आले आहे, ज्यांत आधी वस्तू ठरली आणि बाकीचं मागून आलं.

पहिलं २००९ सालचं, जोहान्सबर्गमधलं. ग्राहक होता ‘द झिम्बाब्वीयन’ हे वर्तमानपत्र. मायदेशातून परागंदा व्हावं लागलेले पत्रकार विल्फ म्बांगा यांनी ते २००५ मध्ये इंग्लंडमधून सुरू केलं. झिम्बाब्वेत रॉबर्ट मुगाबे सत्तेवर, त्यामुळे अंक बाहेर छापायचा आणि ट्रकने सीमेपलीकडे न्यायचा. मे २००८ मध्ये असाच एक ट्रक अडवून जाळला गेला, आत ६०,००० अंक होते. पुढे सरकारने याहून सभ्य उपाय शोधला: बाहेरून येणारं वर्तमानपत्र ही चैनीची वस्तू ठरवून त्यावर ५५ टक्क्यांहून जास्त आयात कर लावला. ज्याच्यासाठी अंक निघायचा, त्यालाच तो परवडेना.

आता त्याच वेळी तिथल्या पैशाचं काय चाललं होतं ते पाहा. अर्थतज्ज्ञ स्टीव्ह हँकी यांच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २००८ मध्ये महागाईचा मासिक दर सुमारे ७,९६० कोटी टक्के होता. हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून असं समजा की साधारण दिवसागणिक भाव दुप्पट होत होते. सकाळी भाकरीला लागलेले पैसे दुसऱ्या दिवशी अर्ध्या भाकरीचे. जानेवारी २००९ मध्ये १०० ट्रिलियन झिम्बाब्वे डॉलरची नोट निघाली. एकावर चौदा शून्यं. तिच्यावर एकावर एक तोललेल्या दगडांचं चित्र आहे. इतकं बोलकं बोधचित्र झिम्बाब्वेच्या रिझर्व्ह बँकेने स्वतःहून निवडावं, याला काय म्हणायचं!

हंट लास्करिस या जोहान्सबर्गच्या जाहिरात संस्थेने, टीबीडब्ल्यूए या जागतिक समूहातली ती, या नोटाच कागद म्हणून वापरल्या. खऱ्या नोटा. त्या शेजारी शेजारी चिकटवून भित्तिपत्रकं आणि होर्डिंग केली, सुट्या नोटांवर मजकूर छापून पत्रकं वाटली. ‘मुगाबेंच्या कृपेने हा पैसा आता भिंतीला लावायचा कागद झाला आहे’ अशा अर्थाची एक ओळ होती. दुसरीत म्हटलं होतं की हे कागदावर छापण्यापेक्षा पैशावर छापणं स्वस्त पडतं.

या दुसऱ्या ओळीपाशी जरा थांबू. जाहिरातीत आपण अतिशयोक्ती करतो, वाचकालाही ते ठाऊक असतं, आणि तो मनातल्या मनात दहा टक्के वजा करून घेतो. इथे वजा करायला जागाच नव्हती. ओळ खरी आहे का, हे तपासायला वाचकाने फक्त हात लावायचा. मुगाबेंचं व्यंगचित्र कोणीही काढलं असतं आणि ते ‘त्यांचं मत’ म्हणून बाजूला सारता आलं असतं. या नोटेवर तर खुद्द रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही होती. सरकारविरुद्धचा पुरावा सरकारनेच छापून दिला होता.

त्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात या मोहिमेला होर्डिंग आणि भित्तिपत्रकांच्या विभागात ग्राँप्री, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुरस्कारांचं मला फार अप्रूप नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो काळ आणि ते शहर. याच जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून आदल्या वर्षीच्या मे महिन्यात परदेशी स्थलांतरितांवर हल्ले सुरू झाले होते. देशभर पसरलेल्या त्या हिंसेत ६२ माणसं मेली. मारहाण आणि पळापळ सोसलेल्यांत झिम्बाब्वेचे लोक मोठ्या संख्येने होते. ‘इथे कशाला आलात?’ असं विचारणाऱ्या शहरात या नोटा भिंतीवर लागल्या. ते का आले, याचं उत्तर त्या भिंतीवर होतं. संस्थेच्या मनात हे किती होतं ते सोडा. भिंतीवर मात्र ते वाचता येत होतं.

जोहान्सबर्गमध्येच थांबू आणि ब्रॅमफाँटेनच्या टेकडीवर जाऊ. तिथे ‘ओल्ड फोर्ट’ हा तुरुंग होता. १९०८ मध्ये गांधी या आवारात कैदेत होते. पुढे मंडेलाही. १९८३ मध्ये तुरुंग बंद पडला. वर्णभेदाची राजवट संपल्यावर नव्या राज्यघटना न्यायालयाला जागा हवी होती, आणि न्यायाधीशांनी ही निवडली. स्पर्धा झाली. डर्बनचं ओएमएम डिझाइन वर्कशॉप आणि जोहान्सबर्गचं अर्बन सोल्यूशन्स यांचा संयुक्त आराखडा निवडला गेला. २१ मार्च २००४ रोजी, म्हणजे १९६०च्या शार्पव्हिल हत्याकांडाच्या (पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराच्या) स्मृतिदिनी, इमारतीचं उद्‌घाटन झालं.

खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांची जी बराक होती, ती पाडली. चार जिने तेवढे उभे ठेवले, आणि निघालेल्या विटा न्यायदालनाच्या भिंतीत व बाहेरच्या लांबलचक पायऱ्यांत घातल्या. म्हणजे न्यायाधीश बसतात त्या खोलीत तुरुंगाची वीट आहे. ती मखरात मांडलेली नाही, तिच्यावर संगमरवरी पाटीही नाही. ती भिंतीचं काम करते. आपल्याकडे स्मारक म्हटलं की चौथरा, पुतळा आणि दिव्यांची आरास, त्यामुळे हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्याच दालनात न्यायाधीशांच्या मंचाला न्गुनी या स्थानिक जातीच्या गायींच्या कातड्याचं आवरण आहे. प्रत्येक कातड्यावरचे ठिपके वेगळे. शिवाय भिंतीत आडवी काचेची पट्टी आहे, तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे पाय दिसतात. वकील घटनेवर बोलत असतात आणि मागे कोणाच्या तरी चपला चालल्या आहेत. आतल्यांना बाहेरच्यांचा विसर पडू नये, याची याहून साधी सोय मला माहीत नाही.

या न्यायालयाचा कलासंग्रहही ऐकण्यासारखा. सुरुवातीला सजावटीसाठी १०,००० रँड (रँड हे तिथलं चलन) मंजूर होते. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स आणि इव्होन मोकगोरो यांनी ते सगळे जोसेफ एन्द्‌लोवू यांच्या एका विणलेल्या भित्तिपटावर खर्च केले आणि पुढे कलाकारांकडे शब्द टाकत संग्रह वाढवला. सॅक्स यांचा उजवा हात १९८८ मध्ये मोझांबिकमधल्या मापुतोत वर्णभेदी राजवटीच्या सुरक्षा दलांनी गाडीत ठेवलेल्या बॉम्बने गेला होता. असा माणूस न्यायालयाच्या भिंतींवर काय लावायचं ते ठरवतो, तेव्हा निसर्गदृश्यं येत नाहीत.

तिथलं एक काम म्हणजे ज्युडिथ मेसन यांचा निळा पोशाख. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगासमोरच्या साक्षींतून फिला एन्द्वान्द्वे या तरुणीची हकिकत बाहेर आली. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र संघटनेतली ती. पोलिसांनी तिला पकडून विवस्त्र ठेवलं, पण ती सहकाऱ्यांची नावं सांगेना, तेव्हा गोळी घालून पुरलं. १९९७ मध्ये अवशेष उकरले, तेव्हा कमरेभोवती निळ्या प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा होता. कैदेत लज्जारक्षणासाठी तिने तो गुंडाळला होता. मेसन यांनी ही हकिकत रेडिओवर ऐकली आणि निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या शिवून तिच्यासाठी एक पोशाख केला.

रेशमाचा केला असता तर? तुम्ही जरा कल्पना करून पाहा. देखणा झाला असता, आणि बघणाऱ्याला कलाकाराचं औदार्य दिसलं असतं. रस्त्यावर पैशाला पासरी मिळणारं प्लास्टिक वापरल्यामुळे नजर फिलाने केलेल्या कृतीवर जाते. त्या मुलीने स्वतः जे वस्त्र निवडलं होतं, तेच मेसन यांनी शिवून मोठं केलं. या पोशाखापुढे रंगसंगतीवर बोलायला माझी जीभ वळत नाही, म्हणून पुढे जाते.

मात्र जुनी वस्तू नव्या कामात घातली की काम आपोआप जमतं, असं समजून वही बंद करू नका. केप टाऊनच्या बंदरात १९२०च्या दशकात बांधलेली धान्याची प्रचंड कोठारं होती, ४२ काँक्रीटच्या नळ्यांची. ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांनी त्या कोरून ‘झाइट्झ मोका’ हे समकालीन आफ्रिकी कलेचं संग्रहालय केलं. सप्टेंबर २०१७ मध्ये ते उघडलं. मधल्या पोकळीचा आकार मक्याच्या एका दाण्यावरून घेतलेला, तो अनेक पटींनी मोठा करून नळ्या कापल्या. छायाचित्रं अप्रतिम येतात. माझी तक्रार एवढीच की इथे दाणा फक्त आकार देतो. तो कोणाच्या शेतात पिकला, कोणी वाहिला, कोणत्या बोटीतून कुठे गेला, याचा भिंतींवर मागमूस नाही. चौदाशे किलोमीटरवरच्या जोहान्सबर्गच्या न्यायालयाशी तुलना केली की फरक कळतो. मूळ संग्रहही खेळाचे बूट-कपडे बनवणाऱ्या पूमा कंपनीचे माजी प्रमुख योखेन झाइट्झ यांचा. आफ्रिकी कलेच्या एवढ्या मोठ्या घराला एका जर्मन उद्योजकाचं नाव, यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती मला पटते.

इमारत पुन्हा बांधता येत नाही, पण आत काय ठेवायचं ते बदलता येतं. २०१९ मध्ये कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या कोयो कुओ तिथे संचालक म्हणून आल्या. २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. व्हेनिस द्वैवार्षिक या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाची जबाबदारी नुकतीच त्यांच्याकडे आली होती. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर संग्रहालय उघडताना त्यांच्या चमूने केप टाऊनच्या रहिवाशांना सांगितलं, तुमच्या घरातली चित्रं घेऊन या. कोणी जन्मभर दिवाणखान्यात लावलेलं चित्र आणलं, कोणी स्वतः काढलेलं, कोणी पोराने काढलेलं. सुमारे २,००० कामं जमली, आणि नामांकित चित्रकारांची चित्रं व घरच्या हौशी मंडळींची चित्रं शेजारी शेजारी टांगली गेली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.