१:२०० की १:२५०? भुयारी गटाराच्या ढाळाचं गणित

नमस्कार. नवीन भुयारी गटार टाकून दोन पावसाळे होत नाहीत तोच गल्लीतलं चेंबर उसळायला लागतं, आणि खापर फुटतं लोकांनी टाकलेल्या प्लास्टिकवर. प्लास्टिक असतंच. पण कितीतरी ठिकाणी मूळ दोष रस्त्याखाली असतो. पाइपला ढाळ कमी दिलेला असतो, नाहीतर कागदावरचा ढाळ चरात उतरलेलाच नसतो. आज एका २०० मिमी लाइनचं गणित शेवटपर्यंत सोडवू. आधाराला आहे केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेचं २०१३चं मलनिःसारण मॅन्युअल.

आधी पाणी किती येणार ते बघू. समजा वस्ती आज २,००० लोकांची आहे आणि ३० वर्षांनी ५,००० ची होणार आहे. पाइपसाठी डिझाइनचा काळ ३० वर्षांचाच धरतात. माणशी रोजचा पाणीपुरवठा १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के गटारात येतं, म्हणजे १०८ लिटर. ५,००० लोकांचं दिवसाला ५ लाख ४० हजार लिटर, सरासरी सेकंदाला ६.२५ लिटर.

पण सरासरीवर पाइप ठरवायचा नसतो. सकाळी सगळ्या घरांची आंघोळ, धुणं, संडास एकाच वेळी चालू असतं. २० हजारांपर्यंतच्या लोकसंख्येला मॅन्युअल ३ चा पीक फॅक्टर देतं, म्हणजे गर्दीच्या वेळचा प्रवाह (पीक) सरासरीच्या तिप्पट धरायचा. ६.२५ गुणिले ३, झाले १८.७५. जमिनीतून सांध्यांवाटे झिरपणाऱ्या पाण्यासाठी सरासरीच्या १० टक्के धरा. एकूण साधारण १९.४ लिटर प्रति सेकंद.

[स्क्रीनवर: २०० मिमी, किमान ढाळ १:२५०]

आता ढाळ. मॅन्युअलच्या तक्त्यात २०० मिमीला किमान ढाळ १:२५० आहे, म्हणजे २५० मीटर लांबीला एक मीटर उतार. बरेच जण हा आकडा उचलतात आणि पुढे जातात. थांबा, मॅनिंगचं सूत्र लावून बघा; ढाळ, व्यास आणि पाइपच्या आतला खडबडीतपणा यांवरून ते पाण्याचा वेग काढतं. खडबडीतपणाचा गुणांक ०.०१३ धरला, तर हा पाइप पूर्ण भरून सेकंदाला २०.७ लिटर नेतो. ८० टक्के खोलीपर्यंत भरला तर २०.२ च्या आसपास. आपले १९.४ त्यात बसले. वेग मात्र मिळतो ०.७५ मीटर प्रति सेकंद, आणि मॅन्युअल ३० वर्षांनंतरच्या पीकला ०.८ मागतं. आजच्या पीकला ०.६ मागतं. आजच्या २,००० लोकांचं पीक ७.५ लिटर येतं, आणि १:२५० वर त्याचा वेग जेमतेम ०.६ भरतो. राखीव काहीच नाही.

तोच पाइप १:२०० वर टाका. ३० वर्षांनंतरच्या पीकला पाइप ७० टक्के भरतो, वेग ०.८२. आजच्या पीकला ०.६५. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. किंमत काय मोजली? दर ३० मीटरला १२० मिमीऐवजी १५० मिमी उतार, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर जास्त खोल चर. आपल्याकडे खाली काळा पाषाण लागतो, तिथे हा एक मीटर महाग पडतो हे खरं. म्हणूनच ढाळ कापला जातो. पण वेग कमी पडला की वाळू आणि जड मैला तळाशी बसतो, त्यावर चरबी आणि चिंध्या अडकतात, आणि मग चोकअप. आजही अशा लाइन साफ करायला माणसं मॅनहोलमध्ये उतरवली जातात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय तसं उतरवायला बंदी आहे, तरी माणसं मरतात. वाचवलेल्या त्या एका मीटरचा हिशेब करताना हेही डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

इथे एक उपाय हमखास सुचवला जातो: "पाइपच मोठा टाका ना, ३०० मिमी!" तक्त्यात ३०० मिमीला १:४५० चालतो, खोदाईही वाचते. करून बघा. आजचे ७.५ लिटर त्या रुंद पाइपमध्ये जेमतेम पाव भागाएवढ्या खोलीने पसरतात आणि वेग उरतो ०.४७. म्हणजे मोठा पाइप लवकर तुंबला. ढाळ वाचवायला व्यास वाढवणं ही सरळ चूक आहे. व्यास वाढवायचा तो पाणी वाढतं तिथेच.

आणि तिथेही एक गोष्ट सांभाळा. २०० चा पाइप मॅनहोलमध्ये ३०० च्या पाइपला मिळतो, तेव्हा दोघांचे तळ एका पातळीत ठेवू नका, माथे एका पातळीत ठेवा. तळ जुळवले तर ३०० मिमी पाइप ८० टक्के भरताच त्यातलं पाणी २४० मिमी चढतं आणि वरच्या पाइपचं तोंड बुडतं. मागे पाणी तुंबतं, वेग मरतो. माथे जुळवायचे म्हणजे मोठ्या पाइपचा तळ १०० मिमी खाली.

घरजोडण्यांचं काय? लाइन झाली, पण लोकांनी सेप्टिक टँक सोडून जोडणी घेतलीच नाही, हे आपल्याकडे नेहमीचं. ७०० च लोक जोडले असतील तर पीक २.६ लिटर, आणि १:२०० वरही वेग ०.४९. लाइन टाकण्याच्या निविदेतच घरजोडणीचं काम धरा. तोवर वरच्या टोकाच्या मॅनहोलमधून ठरलेल्या दिवशी टँकरने पाणी सोडून लाइन धुवायची व्यवस्था हवी.

उलटी बाजू पावसाची. भुयारी गटार फक्त सांडपाण्यासाठी असतं. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिमी पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी होतं, सेकंदाला १.३९ लिटर. अशा १४ गच्च्यांचे पाइप कोणी चेंबरमध्ये सोडले, की १९.४ लिटर झाले. ५,००० माणसांसाठी ठेवलेली सगळी जागा १४ गच्च्यांनी खाल्ली! पावसाळ्यात तळमजल्यावरच्या संडासातून पाणी उलटं येतं, ते अनेकदा यामुळे.

आता चरात उतरू, कारण ढाळ बिघडतो तो इथे. १:२०० वर अडीच मीटरच्या एका पाइपला उतार मिळतो फक्त साडेबारा मिमी. सॉकेटखाली, म्हणजे पुढचा पाइप ज्यात बसतो त्या रुंद तोंडाखाली, तेवढा मातीचा ढेकूळ राहिला, तर त्या पाइपचा सगळा ढाळ गेला. म्हणून प्रत्येक सॉकेटसाठी तळात छोटा खळगा काढायचा, म्हणजे पाइपचं अख्खं अंग गादीवर टेकतं. काम खालच्या टोकाकडून वर न्यायचं, सॉकेटचं तोंड चढाकडे. तळ खडकाचा असेल तर जास्त खोल खणून वर वाळू किंवा बारीक खडीची गादी. काळ्या मातीवर पाइप थेट कधीच ठेवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि सांधे उघडतात. प्रत्येक पाइपची पातळी ऑटो लेव्हल या मोजणीच्या दुर्बिणीवर घ्या. दोन मॅनहोलमध्ये दोरी ताणून भागत नाही, दोरी मध्ये झोळते.

मॅनहोल सरळ लाइनवर ३० मीटरला, शिवाय प्रत्येक वळणावर आणि ढाळ किंवा व्यास बदलतो तिथे. येणारी लाइन ६०० मिमीपेक्षा जास्त उंचीवरून पडत असेल तर ड्रॉप मॅनहोल, म्हणजे पाणी उभ्या पाइपमधून तळाशी उतरवणारं. तळाशी पाइपच्या आकाराची नाली आणि दोन्ही बाजूंना नालीकडे १:१० उताराचं बेंचिंग, म्हणजे उतरता ओटा. गवंडी ते सपाट सोडतो, मग मैला कडेला साचून सडतो.

[स्क्रीनवर: चेंडू, आरसा, टॉर्च]

चर बुजवण्याआधी तपासणी. व्यासापेक्षा १३ मिमी लहान चेंडू, म्हणजे आपल्या लाइनला १८७ मिमीचा, वरच्या मॅनहोलमधून सोडा. तो आपोआप घरंगळत खालच्या मॅनहोलमध्ये आला पाहिजे. मग एका टोकाला आरसा, दुसऱ्याला टॉर्च. लाइन सरळ असेल तर प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ दिसतं. वर्तुळ खालून कापलेलं दिसलं तर मधला पाइप उचलला गेलाय, वरून कापलेलं दिसलं तर खचलाय. शेवटी पाणी भरून गळती बघा. व्यासाच्या दर सेंटिमीटरला, दर किलोमीटरला, १० मिनिटांत २ लिटर एवढी घट चालते. आपल्या ३० मीटरच्या तुकड्याला ती सव्वा लिटरच्या आत येते. जास्त घट झाली तर सांधे उघडून पुन्हा करून घ्या, आणि बिलावर सही त्यानंतरच.