दात्याची इच्छा आणि बदललेला काळ

श्रोतेहो, नमस्कार.

18व्या शतकात लंडनच्या थॉमस बेटन यांनी मृत्युपत्र केलं. उत्पन्नाचा निम्मा हिस्सा उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामीत अडकलेल्या ब्रिटिशांना सोडवण्यासाठी ठेवला. शंभरेक वर्षांनी सोडवायला गुलामच उरले नाहीत, पैसा मात्र साचत राहिला. प्रकरण न्यायालयात गेलं. मृत्युपत्रात एक चतुर्थांश हिस्सा धर्मादाय शाळांसाठीही होता. तो धागा धरून न्यायालयाने अडलेला निम्मा पैसाही शाळांकडे वळवला. कायद्यात याला ‘सी-प्रे’ म्हणतात, म्हणजे मूळ हेतूच्या शक्य तितकं जवळ.

आपल्याकडे महाराष्ट्रात ही सोय 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात आहे, कलम 55 आणि 56. समजा, यात्रेकरूंसाठी कुणी धर्मशाळा बांधून दिली. आता भाविक एसटीने येतात, दर्शन घेतात, संध्याकाळी परततात. खोल्या ओस पडल्यात. अशा वेळी विश्वस्त बैठक घेतात, एकमताने ठराव करतात आणि तिथे मंगल कार्यालय सुरू करतात. हेतू चांगला असेल, पण दानपत्राचा उद्देश ठरावाने बदलत नाही. मूळ उद्देश निष्फळ झाला असेल, तर धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना न्यायालयात अर्ज करायला सांगतात. त्यांनी केला नाही, तर आयुक्त स्वतः करतात. न्यायालय आधी दात्याची इच्छा पाहतं. ती पाळणं शक्य किंवा लोकहिताचं नसेल, तर दुसरा उद्देश ठरवून देतं.

या अधिकाराला कुंपणही आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल गांधी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 1954 मध्ये निकाल लागला: देवकार्यासाठी दिलेला पैसा मूळ कार्य चालू शकत असताना, केवळ लोकहिताचं वाटतं म्हणून दुसरीकडे वळवता येणार नाही. कलमातला तेवढा भाग रद्द झाला. देवळाच्या दानपेटीत रुपया टाकणाऱ्या म्हातारीचा शब्दही न्यायालयाने जपला, असं मी मानतो.

म्हणून विश्वस्तांनो, कपाटातलं मूळ दानपत्र आजच काढून वाचा. आणि नव्याने दान देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: वकिलाला सांगून दानपत्रात आणखी एक ओळ घाला. हे काम कधी थांबलं, तर पैसा कशाला वापरावा, ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा.

नमस्कार.