उत्तराआधीचे तीन सेकंद

नमस्कार, श्रोते हो.

इंग्रजीचा तास चालू आहे. शिक्षक प्रश्न विचारतात, एका मुलाचं नाव घेतात, मूल उभं राहतं. फळ्याकडे बघतं, शेजाऱ्याकडे बघतं. ओठ हलतात, पण शब्द बाहेर येत नाही. शिक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतात, जरा मोठ्या आवाजात. मग दुसऱ्या मुलाचं नाव घेतात. पहिलं मूल थोडा वेळ तसंच उभं राहतं आणि कुणी न सांगता खाली बसतं.

ज्या मुलांच्या घरी इंग्रजी कुणीच बोलत नाही, त्यांच्या वाट्याला हा प्रसंग रोज येतो. मी बरीच वर्षं अशा मुलांना इंग्रजी शिकवलं आहे. आज या उभ्या राहिलेल्या मुलाबद्दलच बोलायचं आहे, कारण त्या गप्प क्षणात त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे कळायला मला फार वेळ लागला.

त्यानं प्रश्न ऐकलेला असतो. ऐकलेल्या आवाजांतून ओळखीचे शब्द वेचून त्यानं त्याचा अर्थ लावलेला असतो. उत्तर सुचलेलं असतं, पण स्वतःच्या भाषेत. आता त्यासाठी इंग्रजी शब्द शोधायचे, ते लावायचे, आणि लावायचे तेही उलट्या क्रमानं. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्येच आणावं लागतं. मग काळ ठरवायचा, उच्चार जमवायचा, आणि एवढं सगळं तीसचाळीस डोळे आपल्यावर रोखलेले असताना करायचं. या कामाला आपण किती वेळ देतो?

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हा वेळ मोजला. 1970च्या दशकात त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, आणि मागे पडलेली समजली जाणारी मुलंही बोलायला लागली. त्यांचं काम विज्ञानाच्या तासांवर होतं. ज्या मुलाला उत्तर परक्या भाषेत द्यायचं आहे, त्याला तर हा वेळ अधिकच लागतो.

थांबायचं म्हणजे नुसतं गप्प उभं राहायचं नाही. आधी प्रश्न विचारायचा, मग थांबायचं, आणि नाव सर्वांत शेवटी घ्यायचं. आधी नाव घेतलं की बाकीची मुलं सुटकेचा श्वास टाकतात आणि विचार थांबवतात. दुसरं म्हणजे, मुलानं उत्तर दिल्यावरही लगेच ‘गुड’ म्हणून पुढे जायचं नाही. पुन्हा दोनतीन सेकंद. पुष्कळदा मूल स्वतःच त्यात भर घालतं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत उपयोगी वाटली. वर्गापुढे उत्तर द्यायच्या आधी ते शेजारच्याला सांगू द्यायचं. आधी एकट्यानं विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गाला सांगणं. 1981 साली फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी मांडलेली ही रीत जगभर वापरली जाते. जोडीत एकदा बोलून झालेलं वाक्य वर्गापुढे दुसऱ्यांदा बोलायचं असतं, आणि दुसऱ्यांदा बोलताना पाय कमी लटपटतात.

जोडीत मुलं कुठल्या भाषेत बोलणार, हा प्रश्न इथे येतोच. माझं मत अगदी स्पष्ट आहे. विचार करताना त्यांना स्वतःची भाषा वापरू द्यावी. मातृभाषेत बोलल्याबद्दल दंड करायचा, ओरडायचं, याची मला मनापासून चीड येते. त्यातून इंग्रजी वाढत नाही, मूल फक्त गप्प बसायला शिकतं. पण दुसरं टोकही तितकंच वाईट. काही वर्गांत शिक्षक धड्यातलं प्रत्येक वाक्य वाचतात आणि लगेच त्याचं भाषांतर सांगतात. आपल्या भाषेतला अर्थ पाठोपाठ येणारच आहे, हे मुलाला चार दिवसांत कळतं. मग ते इंग्रजी वाक्य ऐकायचंच बंद करतं. मातृभाषा विचाराला हवी, तुलना करायला हवी, अवघड कल्पना एकदा नीट समजावून घ्यायला हवी. प्रत्येक वाक्यामागे ती नको.

काही मुलांचं गप्प राहणं काही सेकंदांचं नसतं, काही महिन्यांचं असतं. नव्या भाषेच्या वर्गात आलेलं मूल कधी कधी आठवड्यामागून आठवडे एक शब्द बोलत नाही. पालक घाबरतात, शिक्षक त्याला ‘कच्चा’ ठरवून मोकळे होतात. पण घरातलं लहान बाळही बोलायच्या आधी कितीतरी महिने नुसतं ऐकतच असतं ना? या काळात मुलाकडून बोलणं मागायचं नाही, समजल्याची खूण मागायची. 1960च्या दशकात जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं याच विचारावर एक पद्धत उभी केली. शिक्षकानं सूचना द्यायची, मुलांनी ती अंगानं करून दाखवायची. ‘स्टँड अप’पासून सुरुवात करून महिन्याभरात ‘पुट द रेड पेन्सिल अंडर युअर फ्रेंड्स बुक’पर्यंत जाता येतं. त्या एका वाक्यात रंग आला, ‘अंडर’ आला, कुणाचं पुस्तक ते आलं. मुलानं पेन्सिल बरोबर ठेवली म्हणजे वाक्य कळलं. तोंड उघडायची गरजच पडली नाही. बोट दाखवणं, चित्र काढणं, कार्डं क्रमानं लावणं, ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणणं, ही सगळी उत्तरंच आहेत.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी भाषाशिक्षणात एक गोष्ट ठासून मांडली. जे ऐकून किंवा वाचून कळतं, त्यातूनच भाषा येते, आणि ते आपल्या सध्याच्या पातळीच्या किंचित वरचं असावं. त्यांच्या सगळ्याच मतांशी सगळे सहमत नाहीत, पण एवढ्या गोष्टीवर माझा वर्गातल्या अनुभवानं विश्वास बसला आहे. कळेल असं बोलायचं, म्हणजे मोठ्यानं बोलायचं नव्हे. तोडकंमोडकं इंग्रजी बोलणंही नव्हे. एक उदाहरण सांगते. ‘इव्हॅपोरेट’ हा शब्द मी फळ्यावर लिहून अर्थ सांगत असे. मुलं तो वहीत उतरवून घेत आणि विसरत. मग एकदा ओलं फडकं फळ्यावरून फिरवलं आणि काही न बोलता बाजूला उभी राहिले. ओला पट्टा कडांकडून आत आत सरकत नाहीसा झाला. ‘व्हेअर डिड द वॉटर गो?’ असं विचारलं. एका मुलीनं बोट वर केलं, हवेकडे. तेव्हा मी शब्द दिला. त्या वर्गाला तो शब्द पुन्हा शिकवावा लागला नाही.

पण नुसतं ऐकून पुरत नाही, हेही तितकंच खरं. कॅनडात फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षं शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. ही मुलं ऐकलेलं उत्तम समजत होती, पण बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहूनच गेल्या होत्या. 1985 साली त्यांनी मांडलं, की स्वतः वाक्य घडवायची वेळ आली की आपल्याला काय येत नाही ते मुलाला कळतं. म्हणजे मुलाला बोलतं करायलाच हवं. पण ‘बोल’ म्हटल्यानं कुणी बोलत नाही. वाक्याची सुरुवात हाताशी लागते. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं, ‘आय थिंक… बिकॉज…’, ‘धिस इज डिफरंट फ्रॉम दॅट बिकॉज…’, ‘कॅन यू एक्सप्लेन…’ विचार मुलाचा, वाक्याचा सांगाडा आपला. इमारत बांधताना बाहेरून परांची बांधतात ना, तशी ही वाक्यं. मात्र भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते. तिसऱ्या महिन्यातही सगळी मुलं फळ्याकडे बघूनच ‘आय थिंक’ म्हणत असतील, तर ते पुसून टाकायची वेळ झाली.

मूल बोलायला लागलं, की चुका येणार. त्यांच्यामागे कारण असतं, हे आधी ध्यानात घेऊ या. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असं मूल विचारतं, कारण ‘तू कुठे जातोस?’ म्हणताना मराठीत शब्दांची उलटापालट करावी लागत नाही. ‘अ’ आणि ‘द’ गळतात, कारण आपल्या भाषेत त्यांच्या जागी तसं काही नाहीच. मूल निष्काळजी नाही, ते आपल्या भाषेशी प्रामाणिक आहे. हे त्याला सरळ दाखवून दिलं, दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी लिहिली, तर त्याला फरक दिसतो.

चूक सुधारायची कशी? ‘ही गो टू स्कूल येस्टरडे,’ मूल म्हणतं. ‘येस, ही वेंट टू स्कूल येस्टरडे,’ असं म्हणून आपण पुढे जातो, आणि चूक सुधारली असं समजतो. मुलाला ऐकू येतं फक्त ‘येस’. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 साली कॅनडातल्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त अशाच, वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणण्याच्या होत्या, आणि मुलांनी दखल घेतली ती सर्वांत कमी याच दुरुस्त्यांची. त्याऐवजी ‘येस्टरडे ही…?’ एवढं म्हणून थांबावं. इथेही पुन्हा थांबणंच. मूल अडखळतं आणि ‘वेंट’ शोधून काढतं. तो शब्द त्यानं स्वतः आणलेला असतो. आणि हो, एका वेळी एकच चूक. निबंधाची वही लाल शाईनं माखून परत दिली, तर पुढचा निबंध निम्म्या लांबीचा येतो. हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे आणि त्याची मला आजही खंत वाटते.

आता जरा लांबचा पल्ला. जिम कमिन्स या कॅनडातल्या शिक्षणतज्ज्ञांनी 1979 साली दोन प्रकारच्या भाषेत फरक केला, मैदानावरची बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा. इंग्रजीच्या वातावरणात राहणाऱ्या मुलालाही बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणून मैदानावर फडाफडा इंग्रजी बोलणारं मूल विज्ञानाच्या पेपरात अडतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. ते अडतं कुठे, हे जवळ जाऊन बघायला हवं. पुष्कळदा ते ‘फोटोसिंथेसिस’ला अडलेलं नसतंच, तो शब्द तर शिक्षकांनी दहा वेळा घेतलेला असतो. ते अडलेलं असतं ‘कम्पेअर’, ‘डिस्क्राइब’, ‘अकॉर्डिंग टू’ यांच्यापाशी. हे शब्द सगळ्या विषयांत येतात आणि कुठल्याच विषयात शिकवले जात नाहीत. गणितात ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ वाचून मूल 5 वजा 12 लिहितं, कारण शब्द त्याच क्रमानं आले होते. ‘टेबल’ म्हणजे मेज एवढंच माहीत असलेल्या मुलाला ‘कम्प्लीट द टेबल’चं काय करायचं? हे शब्द शिकवणं फक्त इंग्रजीच्या शिक्षकाचं काम नाही. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकानंही तासाच्या सुरुवातीला असे तीनचार शब्द घ्यायला हवेत.

वाचनाबद्दल एकच सांगते. मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम सांगतं. म्हणजे शंभरात दोन शब्द नवे. आपण मुलाच्या हाती देतो त्या पानावर शंभरात पंधरावीस नवे असतात. ते वाचन नव्हे, खोदकाम आहे. धड्यासाठी तेवढं खोदकाम करावंच लागेल, पण त्याच्या जोडीला, वयाला शोभतील अशी पण भाषेनं सोपी पुस्तकं मुलाला रोज दहा मिनिटं वाचू द्यावीत, आणि त्यावर प्रश्न विचारू नयेत.

ऐकणाऱ्यांत जे शिक्षक असतील त्यांना एक विनंती आहे. आपल्या एका तासाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि घरी एकट्यानं ऐका. प्रश्न संपल्यापासून आपला पुढचा शब्द येईपर्यंत किती वेळ जातो, तेवढंच मोजा. मी पहिल्यांदा माझा तास ऐकला, तेव्हा सुरुवातीला वर्गात कुणी बोलत नव्हतं असंच वाटलं. मग एक जागा पुन्हा लावून ऐकली. मी एका मुलाला ‘व्हाय?’ असं विचारलं होतं, आणि लगेच दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. त्या दोहोंच्या मध्ये, अगदी हळू आवाजात, त्यानं ‘बिकॉज’ म्हणायला सुरुवात केलेली होती.